कणकेची परात आणि सुटलेलं वचन: वडगाव शेरीतल्या एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्याच्या वडगाव शेरीतल्या एका मराठी ख्रिस्ती कुटुंबाचं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि घरातल्या सगळ्यांची संमती घेतली आहे. ज्यांच्याभोवती हे घडलं त्यांना इथे ताई म्हणू. वय पंचेचाळिशीचं, कॅम्पातल्या एका मराठी मंडळीच्या (चर्चच्या) सभासद, संडे स्कूलमध्ये वाढलेल्या. यजमान रांजणगावच्या कारखान्यात पाळीने जातात. मुलगा कॉलेजात, मुलगी दहावीत. ताई घरून जेवणाचे डबे देतात. खराडीच्या कंपन्यांत काम करणारी, भाड्याच्या खोल्यांत राहणारी मुलंमुली हे त्यांचं गिऱ्हाईक.

ऑक्टोबरात सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. औषधं, फिजिओथेरपी, डायपर असा खर्च सुरू झाला, म्हणून ताईंनी डबे बारावरून बावीस केले. एका डब्यात चार पोळ्या. घरच्या धरून रोज शंभर पोळ्या, म्हणजे सव्वातीन किलो पीठ आणि दोन लिटरच्या आतबाहेर पाणी. एका परातीत एवढं मावत नाही, दोन घाण्यांत मळावं लागतं. डबे साडेबाराला दारातून निघालेच पाहिजेत.

पूर्वी ताई पाचला उठत. अर्धा तास पवित्र शास्त्र आणि प्रार्थना, साडेपाचला नळाला पाणी, मग दिवस सुरू. ऑक्टोबरनंतर हा अर्धा तास आधी दहा मिनिटांवर आला, नंतर गेलाच.

अडचण

ताईंनी ती एका वाक्यात सांगितली: "माझं वचन सुटलंय." म्हणजे पवित्र शास्त्राचं रोजचं वाचन सुटलंय. शुक्रवारच्या घरगुती प्रार्थनासभेत आठवडाभरात प्रभूने काय दाखवलं ते प्रत्येकाने थोडक्यात सांगायची रीत आहे. ताईंकडे सांगण्यासारखं काही नसे. दोनदा त्यांनी जुनीच साक्ष (देवाच्या अनुभवाची हकिगत) फिरवून सांगितली, तिसऱ्यांदा डोकं दुखतंय म्हणाल्या, डिसेंबरपासून येणंच बंद.

सभेची जबाबदारी असलेल्या बाई सेवानिवृत्त परिचारिका आहेत. सगळे त्यांना मावशी म्हणतात. जानेवारीत त्या ताईंकडे गेल्या आणि त्यांनी आधी नर्सचे प्रश्न विचारले: झोप किती, भूक कशी, रडू येतं का, आवडीच्या गोष्टींतून मन उडालंय का, आणि हे किती दिवस. मन सलग दोन आठवडे उतरलेलं असेल तर प्रार्थनेआधी डॉक्टर, हा त्यांचा शिरस्ता. ताईंची झोप जेमतेम सहा तास, तीही तुटक. पण भूक होती, शेजारणींशी हसणंबोलणं होतं. डॉक्टरांकडे धाडण्यासारखं काही आढळलं नाही.

आढळलं ते वेगळंच. ताईंच्या मनात दिवसाचे दोन खाने होते. एकात देव, दुसऱ्यात काम. देवाच्या खान्यात फक्त तो पहाटेचा अर्धा तास, आणि कामाने तो खाल्ला. त्यामुळे पोळी लाटताना आपण देवाची चोरी करतोय असंच त्यांना वाटे. येशू घरी आल्यावर स्वयंपाकात गुंतलेली मार्था आणि त्याच्या पायाशी ऐकत बसलेली मरीया, ही गोष्ट (लूक १०:३८-४२) त्यांनी इतक्यांदा ऐकली होती की स्वयंपाकघरात पाय ठेवला की आपण मार्था, असा हिशेब पक्का झाला होता. तिथे प्रभूने मार्थेच्या स्वयंपाक करण्याला नावं ठेवलेली नाहीत, तिच्या दगदगीला आणि मन शंभर ठिकाणी ओढलं जाण्याला ठेवली आहेत. हा फरक प्रवचनांत बहुतेक वेळा गाळला जातो.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय ताईंचाच: चारला उठायचं. सुचणं साहजिक, पण झोप पाच तासांवर येणार होती. मावशींनी विरोध केला, तरी ताईंनी करून पाहिलं. शास्त्र मांडीवर आणि डोकं भिंतीला. आठवड्याच्या आत मीठ दोनदा पडलेली आमटी डब्यांत गेली आणि गिऱ्हाइकांचे फोन आले.

दुसरा पर्याय: मोबाइलवर शास्त्रवाचन लावून ठेवणं. पुष्कळ जण हे करतात आणि शांत कामात ते चालतंही. या स्वयंपाकघरात मिक्सर, एक्झॉस्ट आणि दोन कुकर होते. चार अध्याय वाजून जात, एक ओळ लक्षात राहत नसे, आणि थांबवायचं तर हात कणकेत. यात वाईट काही नाही. फक्त त्याने पार्श्वसंगीताचं काम केलं, वचनाचं नाही.

तिसरा: डबे कमी करणं. पैशांमुळे हा तेव्हा बाजूला ठेवला. पुढे तो परत आला.

चौथा: प्रत्येक कामाला एक वचन जोडायचं. शास्त्रातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात (६:७-९) घरी बसता, वाटेने चालता, निजता, उठता वचनांविषयी बोलण्याची आणि ती दाराच्या चौकटींवर लिहिण्याची आज्ञा आहेच. शिवाय मावशींची आजी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली. तिथे बायका शेती करत, विणत, छापखान्यात खिळे जुळवत. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं मराठी शास्त्र त्याच छापखान्यात छापलं गेलं. हात कामात आणि मन प्रार्थनेत, हे मावशींना ऐकीव नव्हतं, आजीकडून पाहिलेलं होतं. म्हणून त्यांचा कौल या चौथ्या पर्यायाला पडला. दिशा बरोबर होती, पहिली पद्धत चुकली.

पहिली पद्धत: अकरा चिठ्ठ्या

लेंट (ईस्टरआधीचा उपवासकाळ) सुरू होताना ताईंनी आणि मुलीने मिळून अकरा चिठ्ठ्या लिहिल्या. ओट्यावर जीवनाची भाकर, मोरीत हिमापेक्षा पांढरं होणं, फिल्टरवर जिवंत पाणी, इस्त्रीच्या टेबलावर डाग-सुरकुती नसलेली मंडळी, कचऱ्याच्या बादलीवरसुद्धा एक.

हे तीन आठवडेही टिकलं नाही. शेगडीजवळच्या चिठ्ठ्या वाफेने गोळा झाल्या आणि फोडणीच्या तेलाने पारदर्शक झाल्या. बाकीच्या दिसेनाशा झाल्या, म्हणजे होत्या जागच्या जागी पण नजर त्यांच्यावरून घसरू लागली. कॅलेंडरवरच्या जाहिरातीचं होतं तेच. दुसरी अडचण मोठी. प्रत्येक चिठ्ठी शिकवण आधी सांगून टाकायची आणि ताईंनी ती फक्त कामावर चिकटवायची. भाकरी थापायला घेण्याआधीच उत्तर ठरलेलं, मग भाकरीकडे पाहायचं कशाला? वर हे घरात बोलूनही दाखवायचं. मुलगी एकदा म्हणाली, "आई, आता कचरा टाकायला गेले तरी प्रवचन?" ताईंना राग आला, पण मावशींनी मुलीची बाजू घेतली. चिठ्ठ्या काढल्या. मावशींनी सुचवलं, काही दिवस काहीच करू नका.

दुसरी पद्धत: एक काम, एक वचन, एक आठवडा

मावशी एका सकाळी नऊला येऊन स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या आणि अकरापर्यंत मेथी निवडत राहिल्या. सल्ला काही दिला नाही. त्या दोन तासांत त्यांना जे दिसलं ते ताईंना सांगून कळलं नसतं: सगळ्या धावपळीत एकच काम ताई शांतपणे करतात, ते म्हणजे कणीक मळणं. तेवढ्या वेळात खांदे खाली येतात, बोलणं थांबतं.

त्यावरून पद्धत ठरली. आठवड्याला एकच काम निवडायचं, आणि सुरुवात हातात बसलेल्या, न टोचणाऱ्या कामापासून करायची. नावडत्या कामात आनंद शोधण्यापासून सुरुवात केली की पहिल्याच आठवड्यात ढोंग शिरतं. त्या कामाशी जोडलेला शास्त्रभाग दोन ओळींहून मोठा नको आणि तो रविवारी संध्याकाळीच पाठ करायचा, कारण ओल्या हातांनी पुस्तक उघडता येत नाही. काम सुरू केल्यावर पहिली पाच मिनिटं फक्त काम: फोन दुसऱ्या खोलीत, वचनसुद्धा नाही. मग ते मनात एकदा म्हणायचं. स्वतःला "यातून काय शिकायचं?" असं विचारायचं नाही, "मला काय दिसलं?" एवढंच विचारायचं. दिसलं तर डब्यांच्या हिशेबवहीच्या उजव्या पानावर एक ओळ. नाही दिसलं तर पान कोरं. कोरं पान ही चूक धरायची नाही, हे मावशींना तीनदा सांगावं लागलं.

रात्री निजण्याआधी दहा मिनिटं दिवसाकडे मागे वळून पाहायचं. कॅथलिक संत इग्नेशियस लोयोला (१४९१-१५५६) यांनी घालून दिलेलं हे आत्मपरीक्षण पाच पायऱ्यांचं आहे: आभार, प्रकाशासाठी विनंती, दिवसाची उजळणी, चुकीबद्दल क्षमा, उद्याचा निश्चय. यावर मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी "हे कॅथलिकांचं" म्हणून नाक मुरडलं. मंडळीचे धर्मगुरू असलेल्या पाळकसाहेबांनी पाचही पायऱ्या स्तोत्रांतून काढून दाखवल्या आणि विषय तिथेच मिटला. दमलेल्या माणसाला पाच पायऱ्या जड जातात, म्हणून ताईंनी तीनच ठेवल्या: आज कशाबद्दल आभार, आज कुठे चुकलं, उद्या एक गोष्ट कोणती.

कणकेचा आठवडा

पहिलं वचन खमिराचा दाखला, मत्तय १३:३३: एक स्त्री खमीर (पीठ फुगवणारं आंबवण) घेते आणि तीन मापं पिठात, सगळं फुगेपर्यंत, लपवून ठेवते. दोन दिवस पान कोरं. तिसऱ्या दिवशी ताईंनी मावशींना फोन करून विचारलं, "मावशी, हे माप म्हणजे किती?" मूळ माप साधारण तेरा लिटरचं. तीन म्हणजे चाळीसच्या आसपास लिटर, म्हणजे वीस-बावीस किलो पीठ.

सव्वातीन किलो पीठ दोन घाण्यांत मळणाऱ्या बाईला हा आकडा कोणत्याही भाष्यकारापेक्षा जास्त कळतो. वहीत ओळ आली: "ती घरच्यांसाठी करत नव्हती. गावजेवण होतं." दाखल्यात एका ओळीत येऊन जाणाऱ्या त्या बाईचे खांदे ताईंना दिसले. तिने खमीर घातलं आणि पुढचं काम तिच्या हातात नव्हतं, हेही दिसलं. मळलेली कणीक ताई ओलं फडकं टाकून अर्धा तास ठेवतात. घाई केली तर लाटताना पोळीची कड मागे ओढते आणि पोळी वातड होते, हे त्यांना वीस वर्षं माहीत होतं. त्या अर्ध्या तासात कणकेचं काम आपण करत नसतो, हे त्यांनी पहिल्यांदा लिहिलं.

इथे हे घडलं आणि चिठ्ठ्यांनी घडलं नव्हतं. कारण सरळ आहे. चिठ्ठीत शिकवण शास्त्राकडून कामावर लादली जात होती. इथे ताईंच्या हातातलं कौशल्य शास्त्र वाचायला उपयोगी पडलं. खाने दोन उरले नाहीत.

पुढचा आठवडा केर काढण्याचा; वचन लूक १५:८, हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावून घर झाडणाऱ्या बाईचं. गालील सरोवराच्या काठी सामान्यांची घरं काळ्या दगडाची, खिडक्या लहान नाहीतर नाहीतच, म्हणून त्या बाईला दिवा लावावा लागतो. ताईंनीही मोबाइलचा टॉर्च घेऊन पिठाच्या डब्यामागे झाडू घातला आणि मिक्सरच्या भांड्याची रबरी रिंग मिळाली. महिनाभर चटणी गळत होती ती हिच्यावाचून. ताईंनी तिथूनच फोन लावला, "मावशी, सापडली!" काय सापडली हे सांगायच्या आधी दोघी हसत सुटल्या. दाखल्यातली बाई नाणं सापडल्यावर मैत्रिणींना आणि शेजारणींना बोलावते, हे वचन त्या आठवड्यात समजावून सांगायची गरज पडली नाही.

पद्धत जिथे अडकली

दोन आठवडे बरे गेले म्हणून ताईंनी अवघड काम घेतलं: सासूबाईंचं अंग पुसणं. वचन योहान १३, येशूने शिष्यांचे पाय धुण्याचं. मनात ठरवून घेतलं की हे आनंदाने करायचं.

चौथ्या दिवशी त्या मोरीत जाऊन रडल्या. रोज एकटीने साठ किलोचं अंग कुशीवर वळवायचं, पाणी दोनदा बदलायचं, चादर काढायची, पुन्हा दर दोन तासांनी कूस बदलायची. यजमान पाळीवरून येऊन झोपलेले. नणंद हडपसरला, महिन्यातून एकदा फळं घेऊन येणारी. वहीत ओळ होती: "प्रभू, मला आनंद होत नाही. मी खोटारडी आहे."

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय इथे झाला. मावशींपुढे दोन रस्ते होते. धीर देऊन, अजून प्रार्थना करा, कृपा पुरेशी आहे असं म्हणता आलं असतं. मंडळीत बहुतेक वेळा तेच म्हटलं जातं. त्यांनी ते म्हटलं नाही. त्यांनी योहान १३:१४ पुन्हा वाचायला लावलं. तिथे आज्ञा "एकमेकांचे" पाय धुण्याची आहे. एकीनेच सगळ्यांचे धुवावेत असं तिथे नाही.

पाळकसाहेबांनी एक जुनी गोष्ट पुरवली. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने ख्रिस्ती मठासाठी जी नियमावली लिहिली तिच्यात स्वयंपाकघराची सेवा आठवड्याच्या पाळीने सगळ्यांना आहे. पाळी संपवणारा शनिवारी सफाई करतो, पंचे धुतो, भांडी जशी घेतली तशी परत देतो; उतरणारा आणि चढणारा मिळून सगळ्यांचे पाय धुतात. वाढणाऱ्यांना जेवणाआधी थोडी भाकर आणि पेय जास्तीचं मिळतं, कुरकुर न करता काम व्हावं म्हणून. म्हणजे पाय धुण्याच्या मागे वेळापत्रक होतं, आणि वाढणाऱ्याच्या पोटाचाही विचार होता.

तसं वेळापत्रक या घरात करायचं ठरलं. बोलणं सोपं गेलं नाही. ताई परस्पर नणंदेला बोलल्या असत्या तर भांडण झालं असतं, म्हणून यजमानांनी बहिणीला फोन केला. नणंद दुखावली: "वहिनी मला सांगू शकत नव्हत्या? मंडळीत सांगितलं?" तिचं काही अंशी बरोबर होतं. रविवारी उपासनेनंतर घरी सगळे बसले आणि तासाभरात ठरलं. मंगळवार आणि शनिवार नणंद येणार. यजमान ज्या आठवड्यात दिवसपाळीला असतील तेव्हा रात्रीची कूस ते बदलणार, रविवारचं अंग पुसणंही त्यांच्याकडे. मुलगा कॉलेजला जायच्या आधी भाजीचे आणि आमटीचे डबे भरून ठेवणार. मावशींनी सगळ्यांना एकदा करून दाखवलं: आधी चेहरा, शेवटी खालचा भाग, तिथे वेगळं फडकं आणि ताजं पाणी, टाचा, माकडहाड आणि नितंबाची हाडं रोज पाहायची, लाल डाग दिसला तर बोटाने दाबायचा, आणि दाबूनही फिका पडला नाही तर त्या बाजूला वजन द्यायचं नाही आणि डॉक्टरांना कळवायचं.

त्याच बैठकीत डब्यांचा पर्याय परत आला. जूनपासून बावीसचे अठरा झाले. नणंद औषधांचा अर्धा खर्च देते, त्यातून तूट बरीचशी भरून निघाली.

निष्पत्ती

ऑगस्टपर्यंतची स्थिती अशी. ताईंचा वचनाचा वेळ परत आला, पण पहाटे नाही: डबे गेल्यावर, सासूबाई जेवून झोपल्या की अडीच वाजता पंधरा-वीस मिनिटं. देवाला पहाटच लागते हा समज सोडायला त्यांना सगळ्यात जास्त वेळ लागला. प्रार्थनासभेला त्या महिन्यातून दोनदा जातात. हिशेबवहीची उजवी पानं चाळली तर कोरीच जास्त आहेत. कणीक, केर आणि तांदूळ निवडणं यांवर ओळी आहेत, इस्त्रीवर एकही नाही. इस्त्री त्यांना आवडत नाही, इतकंच.

सासूबाईंच्या पानावर एप्रिलनंतर एकच नोंद आहे: "आज आईंनी डाव्या हाताने माझा हात धरून ठेवला. मी घाई केली नाही." तिला वचन जोडलेलं नाही.

नणंदेचे मंगळवार कधीकधी चुकतात. मुलीने ही पद्धत घेतलेली नाही आणि तिला कोणी घ्यायला लावलेली नाही.

काय वेगळं करता आलं असतं

क्रम उलटा हवा होता. झोप, डब्यांची संख्या आणि घरातली वाटणी हे मार्चमध्ये निघालं, ते जानेवारीतच निघायला हवं होतं. मावशींनी प्रश्न नर्सचे विचारले, पण "रात्री आईंना कोण उठून बघतं?" हा एक राहिला. तो विचारला असता तर योहान १३ चा आठवडा त्या अवस्थेत आलाच नसता.

नणंदेला आधी घरातल्या माणसाने सांगायला हवं होतं. मंडळीची मदत घेण्यात गैर काही नाही, पण नातेवाइकांना बातमी बाहेरून कळली की मदतीआधी मानापमान उभा राहतो.

तिसरी गोष्ट छोटी वाटते, पण तिने बरंच नुकसान केलं. रिंग सापडल्याची हकिगत मावशींनी कौतुकाने महिला मंडळात सांगितली आणि ईस्टरच्या आठवड्यात ताईंना साक्ष द्यायला उभं केलं. पुढचे दोन आठवडे वहीतल्या ओळी लांबल्या, गोड झाल्या आणि सगळ्यांचा शेवट शिकवणीने होऊ लागला. ताई दिसलेलं लिहीत नव्हत्या, सांगण्याजोगं लिहीत होत्या. ते त्यांनाच जाणवलं आणि त्यांनी मावशींना सांगितलं. तेव्हापासून वही कोणाला दाखवायची नाही, सभेत त्यातलं काही वाचायचं नाही असा नियम आहे. या लेखात आलेल्या ओळी ताईंनी स्वतः निवडून दिल्या आहेत. ही पद्धत आता त्याच भागातल्या आणखी एका घरात सुरू होते आहे. तिथे मावशींनी वही देण्याआधी घरातल्या कामांची आणि ती कोण करतं याची यादी मागितली आहे.